चपलेत वाढलेला पाय आणि परदेशातली पायपीट

परदेश प्रवासाविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत व्हिसा, विमा आणि खाण्यापिण्याचे प्रश्न नेहमीच असतात. या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे मात्र पादत्राणांविषयी आहेत आणि चारही कोकणातून आलेली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण त्यातली अडचण किनारपट्टीवरच्या असंख्य वाचकांची आहे.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून गुहागर तालुक्यात राहते. गणपती झाल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मुलगी आणि जावई यांच्याबरोबर रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहायला जायचे ठरले आहे. आयुष्यभर, अगदी शाळेतसुद्धा, मी चप्पलच वापरली. चिपळूणला दोन दुकानांत बूट घालून पाहिले. लांबी बरोबर आली की चवडा आवळतो आणि चवड्याला सैल घेतले की टाच निघते. मुलगी म्हणते की ती मुंबईहून चांगले महागातले बूट घेऊन पाठवील. साडीवर बूट कसे दिसतील, हीही शंका आहे. मी काय करावे? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : मुलीला सांगा की बूट पाठवू नकोस, मी स्वतः दुकानात येते. पायात घालून न पाहिलेला बूट कितीही महाग असला तरी तो तुमच्या पायाचा नसतो, आणि तुमच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. उघड्या चपलेत बोटांना कोणी दाबत नाही. ती पसरतात, जमीन धरतात आणि चवडा हळूहळू रुंद होतो. टाच मात्र तेवढ्या प्रमाणात रुंद होत नाही. बाजारातले बहुतेक बूट ज्या साच्यांवर बेततात ते साचे याहून अरुंद चवड्याचे असतात, म्हणून दोन्ही दुकानांत तुम्हाला एकच अनुभव आला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीय पादत्राणांसाठी ‘भ’ नावाची स्वतंत्र मापपद्धती तयार करताना देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हाही भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे आढळले. तेव्हा दोष तुमच्या पायात आहे, असे मनात आणू नका.

घरून निघण्यापूर्वी माप घ्या. भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवावा, टाच भिंतीला लावून पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कोणाकडून पायाची आकृती काढून घ्यावी. दोन्ही पायांची काढावी, कारण ते सहसा थोडे लहानमोठे असतात. माप मोठ्या पायाचे धरायचे. हे काम संध्याकाळी करावे आणि दुकानातही संध्याकाळीच जावे, कारण दिवसभराच्या उभ्याने पाय थोडे सुजतात आणि प्रवासात ते याच अवस्थेत बुटांत असणार आहेत. लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. आपल्याकडच्या दुकानांत सहसा ब्रिटिश क्रमांक चालतो, त्यात एका क्रमांकाचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. युरोपीय क्रमांकात तोच फरक सुमारे पावणेसात मिलिमीटरचा असतो, आणि अमेरिकी क्रमांकांत स्त्रियांचे व पुरुषांचे आकडे वेगळे पडतात. त्यातून प्रत्येक उत्पादकाचा साचा निराळा असतो. म्हणून ‘माझा नंबर सहा’ एवढ्या माहितीवर खरेदी करू नये.

दुकानात एक सोपी कसोटी करता येते. बुटातला आतला सोल काढता येत असेल तर तो काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर भार देऊन उभ्या राहा. चवडा किंवा करंगळी सोलच्या कडेबाहेर येत असेल, तर तो बूट वापरून सैल होईल या आशेवर घेऊ नका. चामडे थोडे सैलावते, पण हल्लीचे कृत्रिम कापडाचे बूट फारसे सैलावत नाहीत. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर, जागा हवी. हे लांब बोट प्रत्येकाचे अंगठाच असते असे नाही. काहींचे दुसरे बोट लांब असते. स्त्रियांच्या विभागात चवड्याला पुरेसे रुंद काही मिळाले नाही, तर निःसंकोचपणे पुरुषांचे बूट घालून पाहा. त्याच लांबीचे पुरुषांचे बूट बहुधा चवड्याला अधिक रुंद असतात, आणि काही उत्पादक ‘वाइड’ असे लिहिलेले रुंद जोडही काढतात.

आता तुमची टाच निघते, त्याविषयी. त्यावर उपाय नाडी बांधण्यात आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. चालण्याच्या बहुतेक बुटांना घोट्याजवळ, सर्वांत वर, एक जादा भोक असते. नाडी नेहमीप्रमाणे ओवत आणल्यावर शेवटच्या टप्प्यावर ती आडवी न नेता त्याच बाजूच्या जादा भोकातून आत घालून लहानसा फासा ठेवावा. दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे. मग उजवे टोक डाव्या फाशातून आणि डावे टोक उजव्या फाशातून काढून ओढावे व गाठ मारावी. यामुळे टाच मागे घट्ट बसते आणि चवड्यावरची नाडी मात्र सैल ठेवता येते. चवड्याजवळची भोकांची एक जोडी मोकळी सोडली तर तिथे आणखी जागा होते. रुंद चवडा आणि अरुंद टाच यांची जुळणी याच रीतीने होते. म्हणून बूट नाडीचेच घ्या. चिकटपट्टीच्या (व्हेल्क्रोच्या) बुटांचा तुम्हाला आणखी एक त्रास होईल, कारण ती खरखरीत पट्टी साडीच्या काठाचे आणि फॉलचे धागे ओढते.

साडीवर बूट मुळीच विसंगत दिसत नाहीत. मात्र गडद, एकरंगी आणि फार जाड तळाचा नसलेला जोड घ्यावा आणि साडी नेहमीपेक्षा दोन बोटे वर नेसावी. व्हेनिसच्या पायऱ्या चढताना काठ पायात येणार नाही आणि पावसात भिजणार नाही. सलवार-कमीज वापरण्याची सवय असेल तर पायऱ्यांच्या दिवसांसाठी तोच वेश अधिक सोयीचा ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळाची निवड करताना तिथली जमीन डोळ्यांपुढे असावी. रोमच्या जुन्या भागात रस्ते काळ्या बेसाल्टच्या लहान चौकोनी दगडांचे आहेत. दगडांच्या फटी असमान असतात आणि पातळ तळातून प्रत्येक दगड पायाला टोचतो. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक पायऱ्यांचे आहेत. मोटारी तिथे चालत नाहीत, त्यामुळे धक्क्यापर्यंत पोहोचायलाही पायीच जावे लागते. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. रोमला व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाच्या ५५१ पायऱ्यांपैकी काही लिफ्टने टाळता येतात, तरी ३२० उरतातच. या सगळ्यासाठी तळ मध्यम जाडीचा, रबराचा आणि खाचा असलेला हवा. बूट हातात घेऊन टोक वर दाबा: तो बोटे दुमडतात तिथे वाकला पाहिजे, मध्यभागी दुमडता कामा नये. दोन टोके धरून पिळून पाहा: सहज पिळला जाणारा बूट दगडांवर पायाला आधार देणार नाही. टाचेमागची भिंत दाबल्यावर ताठ राहिली पाहिजे. शेवटी दुकानाचा जिना उतरून पाहा; उतरताना बोटे पुढे आपटत असतील तर तो जोड परत ठेवा.

पूर्ण जलरोधक बुटांचा आग्रह मी धरणार नाही. ते जड आणि उष्ण असतात, आणि पाणी वरून आत शिरले की बाहेर निघत नाही. ऑक्टोबरात तिथे पाऊस येतो, पण एक बंद बूट आणि मागे पट्टा असलेली एक मजबूत सँडल एवढे सामान असले की ओल्या जोडाला वाळायला वेळ मिळतो आणि दुखणाऱ्या पायाला निराळी जागा मिळते. रबरी चप्पल फक्त हॉटेलच्या खोलीसाठी न्या.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बूट आजच घ्या, सप्टेंबरात नाही. चपलेची सवय असलेल्या पायाच्या टाचेला, घोट्याला आणि बोटांच्या वरच्या त्वचेला बंद बुटाचे घर्षण ठाऊकच नसते, आणि ती सवय सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू लावावी लागते. पहिले काही दिवस घरातच, पडवीत आणि माजघरात, अर्धा तास बूट घाला. काही बोचले तर दुकानदार बदलून देईल, अशी स्थितीही तोवर टिकते. मग पावसाने उघडीप दिली की डांबरी रस्त्याने एक फेरी, आठवड्यागणिक थोडी वाढवत न्या. श्रावणातल्या उन्हात वाडीची पाखाडी उतरून पुन्हा चढा. रोमच्या दगडांचा आणि व्हेनिसच्या पायऱ्यांचा याहून चांगला सराव शहरात राहणाऱ्यांना मिळणार नाही. मात्र जांभ्यावर शेवाळ असेल त्या दिवशी पाखाडीच्या वाटेला जाऊ नका, कारण प्रवासापूर्वी पाय मुरगळला तर सगळाच बेत फिसकटेल. निघण्याच्या आधी सलग दोन दिवस, दोनदोन तास चालून पाहा. सहलीत एकाच दिवशी दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच असते. पायाची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होते.

मोजे सुती घेऊ नका. सूत घाम धरून ठेवते, ओली त्वचा मऊ पडते आणि घासली की फोड येतो. लोकर मिसळलेले किंवा कृत्रिम धाग्याचे, शिवण बोटांवर न येणारे मोजे घ्या आणि बूट खरेदी करतानाही तेच घालून जा. चालताना एखाद्या जागी चुरचुरू लागले किंवा गरम वाटले, तर मंडळी पुढे गेली तरी थांबा आणि तिथे जखमेवर लावतात तशी कागदी चिकटपट्टी लावा. फोड येण्यापूर्वीची दहा मिनिटे नंतरचे चार दिवस वाचवतात. नखे सरळ कापलेली असावीत, पण निघण्याच्या आदल्या रात्री कापू नयेत. विमानात पाय सुजतात, म्हणून नाड्या सैल सोडाव्यात आणि अधूनमधून उठून फिरावे. जड जोड पायात घालूनच विमानात बसावे, म्हणजे सामानाचे वजन वाचते.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी युरोपसाठी घेतलेले चांगले बूट कपाटात जपून ठेवले होते. जेमतेम एका सहलीत वापरले असतील. आता पुन्हा जाण्याचा योग आहे. वरून बूट नव्यासारखे दिसतात. तेच न्यावेत का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : तपासल्याशिवाय नेऊ नका. अनेक बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली वाफ या पदार्थाशी हळूहळू रासायनिक क्रिया करते, त्याची बांधणी सुटते आणि तळ आतून ठिसूळ होतो. उष्ण आणि दमट हवेत ही क्रिया वेगाने होते, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने कपाटातली हवासुद्धा ओलसर असते. बूट वापरला नाही म्हणून तो टिकला, हा समज इथे उपयोगाचा नाही. न वापरता बंद ठेवलेला जोड उलट जास्त फसवतो, कारण बाहेरून काहीच दिसत नाही आणि पहिल्याच लांब फेरीत तळ भुग्यासारखा गळतो किंवा अखंड सुटून येतो. चिकटवलेला गोंदही याच ओलाव्याने कमकुवत होतो.

तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबून पाहा. बारीक भेगा दिसल्या, थर चिकट लागला किंवा भुकटी निघाली, तर त्या बुटांचा मोह सोडा. काही दिसले नाही, तरी ते घालून घराजवळ दोन-तीन वेळा तासभर चाला, पायऱ्या चढउतार करा, आणि मगच निर्णय घ्या. नुसता कडेचा गोंद सुटला असेल, तर गावातला कारागीर चिकटवून वरून शिवण घालून देईल आणि तो जोड पुष्कळ दिवस चालेल. मधला थरच विरला असेल, तर शिवणीला धरायला काही उरत नाही.

पुढच्या वेळेसाठी सांगतो. सहलीहून आल्यावर बूट खोक्यात बंद करू नयेत. आतला सोल काढून, नाड्या सोडून, पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण वाळवावेत. भिजले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. चुलीच्या उबेला किंवा कडक उन्हात ठेवू नयेत, कारण उष्णतेने गोंद सुटतो आणि चामडे तडकते. पावसाळ्यात महिन्यातून दोन-तीनदा पायात घालून चालावे. बुरशी धरली तर कोरड्या ब्रशने अंगणात झटकून मग ओल्या फडक्याने पुसावी, घरात झटकू नये.

प्रश्न : आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डिसेंबरात तिला सिंगापूरला भावाकडे नेणार आहोत. ती बूट घालायला तयार नाही. अंगठ्याची साधी चप्पलच बरी वाटते, असे म्हणते. पायाला काही दुखत नाही, असेही सांगते. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : ‘काही दुखत नाही’ या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसांची संवेदना कमी होऊ शकते, आणि मग खडा टोचला, फोड आला किंवा जखम झाली तरी कळत नाही. म्हणून बुटांच्या दुकानाआधी आईंना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि पायांची तपासणी करून घ्या. तळपायाला एका विशिष्ट जाडीचा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पाहतात; वेळ थोडा लागतो आणि काही दुखत नाही. रक्तप्रवाहही तपासला जातो. पुढचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

अंगठ्याची चप्पल धरून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात, पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो आणि संवेदना कमी असेल तर चप्पल पायातून निसटल्याचेही लक्षात येत नाही. म्हणून ती प्रवासासाठी नकोच. पण आईंवर एकदम बंद बुटांची सक्तीही करू नका. सिंगापूरची हवा आपल्या किनाऱ्यासारखीच उष्ण आणि दमट आहे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर एमसीआरच्या (बारीक छिद्रांच्या रबराच्या) मऊ तळाची, चवड्यावर रुंद पट्टा असलेली आणि मागूनही पट्टा असलेली सँडल हा चांगला मध्यम मार्ग आहे. ती आईंना परकीही वाटणार नाही. पायाचा आकार बदललेला असेल किंवा पूर्वी जखम झाली असेल, तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेले, मापाने बनवून घेतलेले पादत्राणच वापरावे.

नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालू द्या, मग दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. कुठे लाली राहिली असेल तर तो जोड तिथे दाबतो आहे. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवून पाहण्याची सवय लावा. मोजे फिक्या रंगाचे, वर घट्ट रबर नसलेले असावेत, म्हणजे रक्ताचा वा पाण्याचा डाग लगेच दिसतो. रात्री पाय तुम्ही स्वतः पाहा, कारण आईंना वाकून तळवा दिसणार नाही. दमलेले पाय गरम पाण्यात बुडवून बसण्याची आपल्याकडची पद्धत त्यांच्यासाठी धोक्याची आहे, कारण चटका बसल्याचे कळत नाही. आणि देवळात अनवाणी जावे लागेल तेव्हा तापलेल्या फरशीवरून त्यांना चालू देऊ नका. मोजे घालून सावलीच्या बाजूने न्या.

प्रश्न : आम्ही दोघे मार्चअखेर जपानला जात आहोत. तिथे जागोजागी पादत्राणे काढावी लागतात, असे ऐकले. मग नाडीचे बूट कशाला न्यायचे? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : ऐकले ते बरोबर आहे. अनेक मंदिरांत, पारंपरिक निवासांत आणि काही उपाहारगृहांत बूट दाराशी काढतात, आणि तातामीच्या चटईवर तर आत दिलेल्या सपाताही चालत नाहीत. स्वच्छतागृहासाठी वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात, त्या तिथेच सोडून यायच्या असतात. तरीही सैल, नुसते पाय सरकवायचे बूट घेऊ नका, कारण रेल्वे स्थानकांत आणि बागांत तुमचे चालणे भरपूर होणार आहे आणि सैल बुटात टाच दिवसभर घासते. नाडीच्या बुटांनाच लवचीक नाड्या घाला. एकदा बेताचा ताण देऊन बांधल्या की पुन्हा सोडाव्या लागत नाहीत. सोबत खिशात मावेल असा लहान शूहॉर्न ठेवला की टाचेमागची भिंत चेपत नाही. तिथे बूट घ्यायची वेळ आलीच तर मापे सेंटिमीटरमध्ये असतात, म्हणून पायाची लांबी वहीत लिहून न्या. दिवसातून अनेकदा मोज्यांवर वावरायचे असल्याने मोज्यांचे जोड भरपूर घ्या, आणि भोक पडलेला जोड घरीच ठेवा.